थ्री-सेव्हन्टी-फाइव्हवर स्कोप बसवताना

आफ्रिकेत रानम्हशीच्या शिकारीला .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड कंपनीचं १९१२ सालचं काडतूस) किंवा .४५८ विनचेस्टर मॅग्नम वापरतात. तिथे १ ते ४ पटीचा हलका स्कोप (रायफलवरची नेम धरायची दुर्बीण) पुरतो. जडशीळ स्कोप गोळी झाडतानाच्या धक्क्यासरशी रिंगांमधून (स्कोप धरून ठेवणाऱ्या कड्यांमधून) पुढे सरकतो. डोळ्यापासून नऊ-दहा सेंटिमीटरवर पूर्ण चित्र दिसायलाच हवं, नाहीतर धक्क्याने मागे आलेल्या स्कोपच्या कडेची भुवईवर चंद्रकोर उमटलीच म्हणून समजा! रायफल रिकामी असल्याची खात्री करून बेसच्या (रायफलवर रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीच्या) स्क्रूंचं तेल पुसा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि कंपनीने दिलेल्या आकड्याइतकंच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. मनगटाचा अंदाज इथे हमखास चुकतो. रिंगा पोलादी बऱ्या. शेवटी रिंगेला खेटून स्कोपच्या नळीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. दहाएक गोळ्यांनंतर रेघ आणि रिंग यांत फट दिसली, तर स्कोप सरकलाय.