किचनच्या शटर्सना नवा रंग देताना या चुका टाळा

नव्याने रंगवलेल्या शटरचा रंग महिन्याभरात हँडलजवळ पापुद्रे धरून सुटायला लागतो, आणि बोल मात्र रंगाच्या डब्याला लागतो. खरं कारण बहुतेक वेळा रंगाखाली राहिलेलं फोडणीचं तेल असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे न धुता पॉलिश पेपर मारणं. घासल्याने चिकट थर निघत नाही, उलट पेपरच्या रेघांमध्ये दाबला जातो. म्हणून आधी धुवा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) विरघळवा. हातमोजे घालून, पिळलेल्या स्पंजने शटर पुसा, पाच मिनिटांनी हिरव्या घासणीने हलकं चोळा आणि स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. सोड्याचा अंश राहिला तरी प्राइमर (रंगाआधी द्यायचा पहिला थर) नीट धरत नाही. ॲल्युमिनियमची हँडल्स आधीच काढून ठेवा, सोड्याने ती काळवंडतात. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या) कडांवर पाणी रेंगाळू देऊ नका. एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. मग पाण्याचे चार थेंब शिंपडून बघा. ते मण्यांसारखे गोळा झाले तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा. गॅसच्या वरची शटर्स आणि हँडलभोवतीची जागा हमखास दुसऱ्यांदा धुवावी लागते.

शटर जागेवरच ठेवून रंगवू नका. बिजागरांत रंग गेला की ती जाम होतात. शटर उतरवताना बिजागराच्या ३५ मिमी गोल खाचेत पेन्सिलने नंबर घाला. तो रंगाखाली झाकला जात नाही आणि शटर परत आपल्याच जागी बसतं.

सनमायकाला साधा वूड प्राइमर चालत नाही. तो लाकडासाठी असतो. गुळगुळीत सनमायकावर नखानेसुद्धा निघतो. १८० ते २२० नंबरच्या पेपरने फक्त चमक मरेपर्यंत घासा, तपकिरी थर दिसेपर्यंत नको. मग लॅमिनेटवर (म्हणजे सनमायकावर) चालतो असं डब्यावर लिहिलेला प्राइमर लावा. सुटलेल्या कडा त्याआधीच चिकटवा. सगळी शटर्स हाती घेण्याआधी एकाच्या आतल्या बाजूला नमुना लावून बघा: तीन-चार दिवसांनी ब्लेडने बारीक चौकडी मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर तयारीत कमी राहिली आहे.

शटरवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. वॉटर पेपरने ओलं घासा, मुलांना लांब ठेवा.

पांढरा किंवा क्रीम रंग हवा असेल तर ऑइल इनॅमल टाळाच. कमी उजेडात तो पिवळा पडतो. पाण्यावर चालणारा इनॅमल महाग पडतो, पण या दोन रंगांसाठी पैसे तिथेच घालावेत. चार इंची फोम रोलरने दोन-तीन पातळ हात द्या. जाड हाताने ओघळ येतात, ऑइलपेंटला तर सुरकुत्या पडतात, कारण वरची साय आधी सुकते आणि खालचा रंग ओलाच राहतो. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला वेळ सोडा आणि ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा. रंगात गोल खड्डे उठले तर तिथे तेल किंवा सिलिकॉन पॉलिश आहे. त्यावर आणखी रंग चढवून ते झाकले जात नाहीत. सुकू द्या, घासा, धुवा, मग पुन्हा लावा.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत हे काम काढू नका. दमट हवेत लॅकरवर (थिनरवर चालणाऱ्या, झटपट सुकणाऱ्या रंगावर) पांढुरकी झाक येते आणि इतर रंगही सुकायला फार वेळ घेतात.

थिनर वापरताना गॅसचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या.

शेवटची चूक घाईची. हाताला कोरडा लागलेला रंग आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर शटर दाबून बंद केलं तर ते चौकटीला चिकटतं आणि उघडताना कडेचा रंग घेऊन येतं. शटरच्या कोपऱ्यांवर छोटे रबरी बंपर लावा आणि तेवढे दिवस साबणाचं पाणी लांब ठेवून कोरड्या फडक्यानेच पुसा.