परदेशात डॉक्टर होऊन तिथेच स्थायिक व्हायचे आहे? गोव्यातून निघण्याआधीचा आणि नंतरचा क्रम

मेडिकलसाठी मूल परदेशी पाठवायचे ठरले की घरात पहिला प्रश्न येतो तो फीचा. तो खरे तर चौथा-पाचवा असायला हवा. आधी ठरवायचे ते हे: पदवी घेऊन परत यायचे आहे की तिथेच राहायचे आहे? हे दोन रस्ते वेगळे आहेत, आणि आजच्या नियमांत बऱ्याचदा एकच पदवी दोन्हीकडे उपयोगी पडत नाही.

आधी देश, मग कॉलेज

परदेशी पदवीधराला भारतात नोंदणी मिळावी म्हणून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम केले. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजी माध्यमातून हवे, त्या देशात प्रॅक्टिस करण्याची पात्रता त्या पदवीने मिळायला हवी, आणि हे सगळे प्रवेशापासून १० वर्षांत संपायला हवे. त्यानंतर परदेशी पदवीधरांसाठीच्या एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५० गुण आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

यातली 'इंग्रजी माध्यम' ही अट लक्षात ठेवा. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत मेडिकल जर्मन भाषेतून शिकवतात. तिथून डॉक्टर झालेली मुलगी जर्मनीत पूर्ण डॉक्टर असेल, पण याच नियमामुळे बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नोकरी मागू शकणार नाही. उलट जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तानातली इंग्रजी पॅकेजे परत येऊन एफएमजीई देणाऱ्यांसाठी रचलेली असतात. तिथे राहून रुग्ण तपासायला स्थानिक भाषा यावी लागते, आणि ती शिकून तिथेच राहणारे फार थोडे. 'शिकायला स्वस्त देशात जाऊ, मग जर्मनीला शिफ्ट होऊ' असे कोणी सांगितले तर त्या शिफ्टमध्ये भाषेची परीक्षा, पदवीची समकक्षता आणि ज्ञानपरीक्षा धरून दोन-तीन वर्षे जातात, हेही त्यांनाच विचारा.

अमेरिका बारावीनंतर जवळजवळ बंदच समजा. तिथे आधी बॅचलर पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांचे एमडी, आणि बरीच कॉलेजे परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. शिवाय ग्रीन कार्डाची रांग पासपोर्टावर नाही तर जन्माच्या देशावर ठरते. गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीज पासपोर्ट दाखवूनही भारताच्याच रांगेत उभा राहतो. ब्रिटनमध्ये यूकॅट परीक्षा द्यावी लागते, अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी घर विकायला लावणारी आहे.

म्हणून मध्यमवर्गीय गोवेकरासाठी व्यवहारात उरतात जर्मनी आणि इटली. इथून पुढे हा लेख मुख्यतः त्या दोघांवर आहे.

तरीही नीटची परीक्षा द्याच

परत यायचेच नाही तर नीट कशाला, असे मुले म्हणतात. द्या. भारतीय नागरिकाला परदेशी पदवीवर पुढे इथे नोंदणी हवी असेल तर नीट-यूजी पात्रता अनिवार्य आहे, आणि परदेशी प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षे चालतो. अठराव्या वर्षी घेतलेला 'कायमचा' निर्णय चोविसाव्या वर्षी बदलू शकतो. इटलीतली इंग्रजी पदवी घेतली आणि आई-वडिलांसाठी परतावे लागले, तर नीटचा तो कागदच दार उघडतो. शिवाय बांबोळीला जागा मिळाली तर परदेशाचा विचार पुन्हा करायला हरकत नाही.

पोर्तुगीज पासपोर्टचा हिशोब

आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले असतील तर नातवंडांपर्यंत लिस्बनचा रस्ता दिसतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. तो घ्यायचा की नाही हे मेडिकलच्या अर्जाआधी ठरवा, मधेच नको.

फायदा खरा आहे. युरोपियन युनियनच्या नागरिकाला जर्मनीत व्हिसा लागत नाही, वर्षाचा खर्च आधी भरून ठेवायचे ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही, इटलीत तो युनियनच्या यादीत स्पर्धा करतो, आणि एका देशातली वैद्यकीय पदवी दुसऱ्या सदस्य देशात आपोआप मान्य होण्याचा हक्क त्याला असतो.

आता दुसरी बाजू. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. नुसती लिस्बनला जन्मनोंद केल्याने ते जाते की ओळखपत्र-पासपोर्ट काढल्यावर, यावर गोव्यात खटले झाले आहेत. त्यामुळे 'नोंद करून ठेवू, बघू पुढे' हा सल्ला वकिलाला विचारल्याशिवाय मानू नका, आणि दोन्ही पासपोर्ट वापरण्याच्या फंदात तर पडूच नका. ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाचा परदेशी नागरिक, झालेल्या मुलाला ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर भारतात एनआरआय जागांसाठीच स्पर्धा करता येते. म्हणजे बांबोळीची सरकारी जागा हातची गेली.

दोन गैरसमज तर फारच पसरलेले. पहिला: पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जाता येते. १ जानेवारी २०२१ पासून ते बंद आहे. इंग्लंडमधल्या स्विंडनला आधी जाऊन बसलेल्या नातेवाइकांचे उदाहरण तुमच्या मुलाला लागू नाही. त्याला स्टुडंट व्हिसाच काढावा लागेल. दुसरा: पासपोर्ट युरोपचा म्हणजे बारावीही युरोपची. तसे नाही. शाळेच्या दाखल्याची मान्यता दाखल्यावर ठरते, नागरिकत्वावर नाही. गोवा बोर्डाची बारावी ही गोवा बोर्डाचीच बारावी राहते.

कागदपत्रे: नावांचा गुंता आधी सोडवा

मुलाचा जन्मदाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट आणि आई-वडिलांचे पासपोर्ट एका टेबलावर ओळीने मांडा आणि नावे अक्षर-अक्षर जुळवा. रोमन लिपीतले 'नाईक' पोर्तुगीज अमदानीतल्या दाखल्यात 'क्यू-यू-ई'ने संपते आणि आजच्या आधारवर 'के'ने. 'श'साठी जुन्या नोंदीत 'एक्स' असतो. काही दाखल्यांत आडनावच नसते, वडिलांच्या नावावर नोंद संपते. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या फायली सगळ्यात जास्त अडकतात त्या इथेच. मुक्तीपूर्व नोंदी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे न मिळाल्यास पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा. नाव बदलायचे असेल तर गोव्याचा १९९० चा नाव-आडनाव बदल कायदा आहे. नुसत्या अ‍ॅफिडेव्हिटवर परदेशी कार्यालये समाधानी होत नाहीत.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आत्ताच पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातून दुरुस्त करून घ्या. नंतर बँक, विमा आणि विद्यापीठ प्रत्येकजण तो रकाना आपापल्या पद्धतीने भरतो आणि एकाच मुलाची तीन नावे होतात.

अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याची खूण म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचे एक छोटे स्टिकर, मूळ कागदाच्या पाठीवर चिकटवलेले. त्याआधी राज्य पातळीवरचे साक्षांकन लागते. पावसाळ्यात बुरशी येते म्हणून आपल्याकडे लोक गुणपत्रिका लॅमिनेट करतात. अशा कागदाला स्टिकर लागत नाही, आणि लॅमिनेशन काढताना शाई निघते. बोर्डाकडून दुसरी प्रत काढावी लागते. भाषांतर अपॉस्टिलनंतर करा, म्हणजे स्टिकरचा मजकूरही त्यात येतो.

इटली आणि पोर्तुगालला अपॉस्टिल चालते. जर्मनीला भारताचे अपॉस्टिल चालत नाही, ही गोष्ट एजंटांनाही बऱ्याचदा माहीत नसते. जर्मनीसाठी शैक्षणिक कागद दिल्लीची एपीएस संस्था तपासते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी तिचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, फी १८,००० रुपये. याला आठवडे लागतात, कधी महिने. बारावीची गुणपत्रिका हातात पडली की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

पैसा आणि एक-चौदाचा उतारा

जर्मनीत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. सहामाहीला १०० ते ४०० युरोपर्यंत शुल्क असते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युनियनबाहेरच्यांना सहामाहीला १,५०० युरो द्यावे लागतात. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे, त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. घरभाडे, जेवण आणि दीडशे युरोच्या आसपासचा आरोग्यविमा त्यातूनच. म्युनिकमध्ये ते पुरत नाहीत. लाइपझिग, हाले, माग्डेबुर्गमध्ये जेमतेम पुरतात. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, पण मेडिकलच्या पहिल्या दोन वर्षांत त्या भरवशावर बजेट मांडू नका.

साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते, आणि गोव्यात घोडे अडते ते इथे. घर मोठे असते, पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचे नाव, खाली वाटणी न झालेले सहा-सात हिस्सेदार, त्यातले दोघे मुंबईत आणि एक आखातात. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, त्यामुळे प्रत्येक हिस्सेदाराच्या जोडीदाराचीही सही लागते. आधी वारस ठरवणारे सक्सेशन डीड, आणि वाटणीसाठी गरज पडली तर कोर्टात इन्व्हेंटरी. वाद नसला तरी यात महिने जातात, वाद असला तर वर्षे. मूल अकरावीत असतानाच हे काम काढा. नाही जमले तर फिक्स्ड डिपॉझिट किंवा विमा पॉलिसी तारण ठेवणे सोपे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही पाहून ठेवा.

पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर, म्हणजे अडचण नाही. कर्जाचे नसलेले, स्वतःचे पैसे वर्षाला १० लाखांवर गेले की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो आयकर विवरणात वळता होतो, पण तोवर अडकलेली रक्कम हिशोबात धरा.

जर्मनीची वाट, वर्षाप्रमाणे

अकरावीतच जर्मन सुरू करा. बारावी संपेपर्यंत भाषेची बी-१ पातळी हातात हवी, त्यापुढची बी-२ असेल तर उत्तम. आपली बारावी तिथे थेट मेडिकल प्रवेशाला पुरत नाही, म्हणून आधी 'श्टुडिएनकोलेग' या तयारी-कॉलेजचा दोन सहामाहींचा एम-कोर्स: जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, जर्मन. त्यालाही प्रवेश परीक्षा असते, आणि मुले पडतात ती जर्मनमध्ये. शेवटच्या परीक्षेचे गुण आणि बारावीचे गुण मिळून जो ग्रेड बनतो त्यावर सगळे ठरते. युनियनबाहेरच्यांसाठी मेडिकलच्या साधारण ५ टक्केच जागा असतात. त्यामुळे नुसते पास होणे पुरत नाही, सर्वांत वरच्या ग्रेडच्या जवळ असावे लागते.

हिवाळी प्रवेशाची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलै, अर्ज 'उनी-असिस्ट' या विद्यापीठांच्या अर्ज-केंद्रामार्फत; पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. एकदोन ठिकाणी नव्हे, वीसेक ठिकाणी अर्ज करा. भाषेचे प्रमाणपत्र सी-१ दर्जाचे लागते. पोर्तुगीज पासपोर्टवाला या ५ टक्क्यांत नसून जर्मन मुलांच्या मुख्य यादीत असतो. तिथे जागा जास्त, पण समोरची मुलेही तशीच तयारीची.

पुढची सहा वर्षे: पहिली दोन संपताना पहिली राज्य परीक्षा, आणि तिच्या आत तीन महिने वॉर्डात नर्सिंगचे काम करावे लागते. बेडपॅन उचलण्यापासून सगळे. पाचव्या वर्षाअखेर दुसरी परीक्षा, मग ४८ आठवड्यांचे प्रॅक्टिकल वर्ष, मग तोंडी परीक्षा, मग 'अप्रोबाट्सिओन', म्हणजे परवाना. 'जर्मनीत स्वस्त इंग्रजी एमबीबीएस' अशी जाहिरात दिसली तर कॉलेज सरकारी आहे का आणि परवाना कोणत्या देशाचा मिळणार, हे लेखी मागा.

इटली थोडक्यात

पाविया, मिलान, बोलोन्या, पादुआ, रोम अशा सरकारी विद्यापीठांत सहा वर्षांचे इंग्रजी मेडिकल आहे. प्रवेश आयमॅट परीक्षेवर: १०० मिनिटांत ६० प्रश्न, बरोबरला १.५ गुण, चुकीला ०.४ वजा. फी घरच्या उत्पन्नावर ठरते. त्यासाठी वडिलांचे आयकर विवरण आणि घराचे कागद इटालियनमध्ये भाषांतर करून द्यावे लागतात, आणि हे वेळेत न दिल्यास कमाल फी लागते. इंग्रजी माध्यम असल्यामुळे निदान भाषेच्या अटीवर भारताचे दार बंद होत नाही. मात्र वॉर्डातले रुग्ण इटालियनच बोलतात आणि स्पेशलायझेशनची प्रवेश परीक्षाही इटालियनमध्ये असते. तिसऱ्या वर्षाआधी भाषा आली नाही तर तिथे राहणे कठीण.

पदवीनंतर

जर्मन पदवीवाल्याला नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. डॉक्टरला इतके लागत नाहीत. दोन वर्षे नोकरी आणि पेन्शनचे हप्ते झाले की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जर्मनी २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालवते, भारत नाही. म्हणून नवा पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट सरेंडर करून प्रमाणपत्र घ्या. ओसीआयला ते लागते.

निघण्याआधीचे एक काम राहते, ते जमिनीचे. अनिवासी भारतीय आणि ओसीआयधारक दोघांनाही शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही; वारसाने मात्र येऊ शकते. काकांचा कुळागरातला, म्हणजे बागायतीतला, हिस्सा विकत घेण्याचे घरात घाटत असेल, तर तो परदेशी निघालेल्या मुलाच्या नावावर न घेता इथे राहणाऱ्या आईच्या किंवा भावंडाच्या नावावर घ्या, आणि खरेदीखत मूल विमानात बसण्याआधी नोंदवून टाका, कारण वाटणीच्या कागदांवर त्याचीही सही लागू शकते.