आधी झिपचा गाऊन कपाटात

अंगावरचं दूध कधी तोडायचं हे शेजारणीला विचारू नका. ऐरोलीत आमच्या एका मजल्यावर तीन मतं निघाली. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करायचं, पण दूध दोन वर्षं आणि हवं तर पुढेही पाजायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे घाई कुणालाच नाही.

घाई मी केली. लेक चौदा महिन्यांची, मला ऑफिस ठाण्यात लागलं, म्हणून सोमवारपासून एकदम बंद. बुधवारी लोकलमध्ये दिघा गाव यायच्या आत छाती दगडासारखी झाली, कुर्ता ओला. ओढणी पुढे ओढून उभी राहिले. घरी पोर रडून बेजार.

दुसऱ्यांदा नीट केलं. दिवसभरात ती किती वेळा पिते ते लिहून काढलं. रविवारी दुपारी नुसता कंटाळा आला म्हणून मागायची, ते आधी सोडवलं. मग चार-सहा दिवस थांबून पुढचं. झोपतानाचं सगळ्यात शेवटी. आपणहून द्यायचं नाही, हट्टच धरला तर झिडकारायचं नाही. दात येतायत, ताप आहे, घर बदलताय, तर सरळ पुढे ढकला.

खरी गोम गाऊनमध्ये होती. झिपचा आवाज आला की बाईसाहेब मांडीवर! गाऊन कपाटात गेला आणि निम्मं मागणं थांबलं. सासूबाईंनी कोरफडीचा गर लावायला सांगितला होता, तोही लावून पाहिला. लेकीने तोंड वाकडं केलं, माझ्याच ओढणीने पुसलं आणि प्यायली.

बदल्यात वाटीने किंवा पेल्याने दूध द्या. बाटली लावलीत तर पुढे तीही सोडवावी लागते. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर अंगावरच्याऐवजी गाईचं दूध नको, डॉक्टरांना विचारून तान्ह्या बाळांसाठीचं पावडरचं.

तुमचं स्वतःचं: छाती दाटली तर बरं वाटेल एवढंच पिळून काढा. सगळं काढलंत की पुन्हा तेवढंच भरतं. गार पट्टी ठेवा. लाल, दुखरा चट्टा आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

झोपेचं दूध तिच्या बाबांनी सोडवलं. रात्री कडेवर घेऊन गॅलरीत ठाण्याच्या गाड्या मोजायच्या. आता पाच गाड्या गेल्याशिवाय डोळा मिटत नाही, ते वेगळं.