रेसिपी राहू द्या, वही घेऊन जा

"टाकीतली बिअर काढून घेतली आहे. आत नुसता कार्बन डायऑक्साइड आहे. झाकण बंद ठेवून तुम्ही कॉस्टिक फवारायला सुरुवात केलीत. काय होईल?"

अमेरिकेतल्या एका मोठ्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, नोकरीसाठी दिलेल्या मुलाखतीतला हा पहिला तांत्रिक प्रश्न. आदल्या रात्री मी हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, जाती पाठ करत बसले होते. त्यातलं एक अक्षरही कुणी विचारलं नाही.

उत्तर मला माहीत नव्हतं. पण कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड एवढं ठाऊक होतं, आणि शाळेतली चुन्याची निवळी आठवली. नळीने फुंकलं की निवळी दुधाळ होते, कारण ती कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकते. कॉस्टिकही तेच करणार, फक्त फार भराभर. मग त्या वायूने व्यापलेल्या जागेचं काय? इथे मला माझा घरचा प्लास्टिकचा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचा डबा, आठवला. बिअर आंबून झाली की मी तो तसाच फ्रिजमध्ये ठेवायचे. थंड होता होता त्याच्या बाजू आत ओढल्या जायच्या आणि झाकणावरच्या एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या, पाणी भरलेल्या नळीतलं) पाणी गुळकन बिअरमध्ये उतरायचं. मी हे सगळं मोठ्याने बोलत गेले आणि शेवटी म्हटलं, "टाकी चेपेल."

चेपतेच. या टाक्या आतून बाहेर रेटणारा दाब सोसायला बांधलेल्या असतात. आत पोकळी झाली की तेलाचा रिकामा डबा चेपावा तशी स्टीलची टाकी गोळा होते. शिवाय बरंचसं कॉस्टिक सोडियम कार्बोनेट होऊन वाया जातं, म्हणजे टाकी धुतलीही जात नाही. म्हणून आधी हवा खेळवून वायू बाहेर काढायचा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड तसाच ठेवून ॲसिडने धुवायचं. हा पुढचा भाग मला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सांगितला. तो माझ्या तोंडून यावा अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. घरी पाहिलेल्या गोष्टीवरून मी इथली गोष्ट ताडू शकते का, एवढंच त्या बघत होत्या.

मी मूळची सांगलीची, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. लग्नानंतर एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, अमेरिकेत कोलोराडोत आले. कामाची परवानगी हातात यायला दोन वर्षं गेली. तोवर घरात बसून आंबवण्यासारखं जे जे होतं ते आंबवलं. इडलीच्या पिठापासून सुरुवात झाली आणि गाडी बिअरवर आली. इथे ते कायदेशीर आहे. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते, विकता येत नाही. राज्यांचे कायदे वेगळे असतात. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ मध्ये परवानगी दिली. आणि हे वाचणारं कुणी पुण्या-नाशकात असेल तर सरळ सांगते, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. व्हिडिओ बघून बादली आणू नका. तिथे राहून या क्षेत्रात यायचं असेल तर मायक्रोबायोलॉजी, केमिकल किंवा फूड टेक्नॉलॉजी करून वाळूज-तळोज्याच्या ब्रुअऱ्यांत शिरा, नाहीतर पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधले अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम बघा.

टाकीचा प्रश्न दुसऱ्या मुलाखतीतला. पहिली मी वाया घालवली होती, तीही सांगायला हवी, कारण घरी बिअर करणारा प्रत्येक जण हीच चूक करतो. एका मध्यम आकाराच्या ब्रुअरीत मी पिशवीत चार बाटल्या घेऊन गेले. कोकम घातलेली बिअर, गुळाची बिअर. वीस मिनिटं मी कोकमावर बोलले. ऐकणारा माणूस हसतमुख होता. शेवटी त्याने विचारलं, "ही कोकमाची बिअर तुम्ही कितीदा केलीत, आणि दर वेळी सारखी झाली का?" मी ती एकदाच केली होती. बाटल्या त्याने उघडल्या नाहीत, बाहेरचं पेय आत प्यायचं नाही असा त्यांचा नियम होता. नंतर होकारही आला नाही, नकारही नाही. दोन मेल टाकले, तेही हवेत विरले. एका ओळीचं उत्तर द्यायला काय जातं, हा राग अजून आहे. पण त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता.

मोठ्या ब्रुअरीला नवी चव शोधणारी माणसं हवी असतात, पण मोजकी, आणि ती आधीच नेमलेली असतात. बाकी सगळ्या कारखान्याची धडपड असते ती आजची बिअर कालच्यासारखी व्हावी म्हणून. माझी बॅच ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटर. बिघडली तर मोरीत ओतून द्यायची. तिथे हिशोब बॅरलचा. एक बॅरल ३१ गॅलनचं, सुमारे ११७ लिटर, आणि एका खेपेला शेकडो बॅरल. तिथे मोरीत ओतायचं ठरवायलासुद्धा मीटिंग लागते.

म्हणून दुसऱ्या वेळी बाटल्या घरी ठेवल्या आणि वही नेली. दोनशेपानी, हळदीचे डाग पडलेली. ३१ बॅचेसची नोंद: तारीख, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किती, मॅशचं (माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाचं) तापमान, सुरुवातीची आणि शेवटची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता), यीस्ट कुठलं, खोलीचं तापमान, काय चुकलं. "एखादी गोष्ट बिघडली तेव्हा तुम्ही काय केलंत?" हा प्रश्न येतोच. इथल्या मोठ्या कंपन्यांत मनुष्यबळ विभागाची माणसं असले प्रश्न ठरवूनच विचारतात. मी बॅच १७ चं पान उघडलं.

बॅच १५, १६, १७, तिन्ही बाटलीत तीन आठवडे राहिल्यावर आंबट व्हायच्या. आधी मला यीस्टचा संशय आला, म्हणून यीस्ट बदललं. फरक नाही. मग वही उलटीकडून वाचली. १६ मधली थोडी बिअर मी बाटलीत न भरता थेट छोट्या केगमध्ये (धातूच्या पिंपात) भरली होती आणि ती शेवटपर्यंत चांगली राहिली होती. म्हणजे फर्मेंटरपर्यंत सगळं ठीक होतं, घाण बाटली भरताना शिरत होती. भरायच्या बादलीचा तोटीचा नळ मी कधी खोलला नव्हता, बाहेरूनच धुवायचे. पाना लावून उघडला. आतल्या रबरी वायसरमागे तपकिरी, बुळबुळीत थर. बहुधा लॅक्टोबॅसिलस, त्या आंबट वासावरून तरी. नवा नळ सव्वातीन डॉलरला आला. तेव्हापासून दर बॅचनंतर तो नळ सुटा करते.

समोरचे दोघंही, त्या बाई आणि प्लांटचा माणूस, या गोष्टीवर खुलले. त्यांच्याकडेही नळ असतात, व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या आत गॅस्केट असतात, आणि बिअर बिघडते ती बऱ्याचदा तिथेच. तुमची सगळ्यात फसलेली बॅच लपवू नका. फक्त तिची नोंद हवी. "मला वाटतं असं झालं असावं" याला तिथे किंमत नाही.

भाषेची थोडी तयारी लागते. आपण घरी ग्रॅव्हिटी १.०४८ म्हणतो, ते प्लेटोत, म्हणजे साखरेच्या प्रमाणाच्या मापात, बोलतात. शेवटच्या दोन आकड्यांना चाराने भागा, साधारण १२ प्लेटो. ऑक्सिजनबद्दल मी घरी कधी विचारच केला नव्हता. तिथे भरलेल्या कॅनमधला ऑक्सिजन अब्जांश भागांत मोजतात. हाय ग्रॅव्हिटी ब्रुइंग म्हणजे काय तेही वाचून जा: बिअर मुद्दाम दाट करायची आणि शेवटी ऑक्सिजन काढलेलं पाणी घालून हव्या त्या ताकदीवर आणायची. हे ऐकून "म्हणजे पाणी मारता?" असं माझ्या नवऱ्यासारखं म्हणू नका. तेवढ्याच टाक्यांत जास्त बिअर निघते, एवढं साधं गणित आहे.

सेफ्टीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. टाकीत उतरायचं असेल तर आधी काय कराल? इथे मला हरिपूरची पेवं आठवली. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. ते बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा, विझला तर थांबायचं. मी हे सांगितल्यावर प्लांटचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला. म्हणाला, विचार बरोबर, हत्यार चुकीचं. कंदील विझायच्या कितीतरी आधीच कार्बन डायऑक्साइड जिवाला धोका होईल अशा पातळीला पोचतो, ४ टक्के पुरतात. इथे गॅस मीटर, लेखी परमिट आणि बाहेर उभा असलेला माणूस, या तिन्हींशिवाय आत डोकंही घालायचं नाही. आणि आत कुणी पडला तर त्याच्या मागे उडी मारायची नाही. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

मग तीन ग्लास आले. दोन सारखे, एक वेगळा, तो ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचं बरोबर येतं, त्यामुळे एकदा जमलं म्हणून फुशारकी नको. वेगळा मी ओळखला. वासाला काय म्हणतात ते इंग्रजीत सुचेना. "भिजलेला पुठ्ठा," मी म्हटलं, आणि तोच शब्द त्यांच्या यादीत होता. जुनी, ऑक्सिजन लागलेली बिअर तशीच लागते. आपल्या नाकाला आपले शब्द द्या: उकडलेलं मक्याचं कणीस, कच्चं सफरचंद, लोणी. तिन्ही दोष आहेत आणि तिन्ही आपल्या स्वयंपाकघरातले वास आहेत. उन्हात ठेवलेल्या बिअरला इथे स्कंकचा (दुर्गंध सोडणाऱ्या एका प्राण्याचा) वास म्हणतात. तो समजायला मात्र मला एकदा रात्री हायवेवर काच खाली करावी लागली.

व्हिसाचं थोडक्यात. अर्जातच दोन प्रश्न असतात: काम करायची परवानगी आहे का, आणि पुढे कंपनीने प्रायोजक व्हावं लागेल का. खरं लिहा. सेलर (बिअर आंबवायच्या-मुरवायच्या टाक्यांचा विभाग) किंवा पॅकेजिंग ऑपरेटरच्या जागेवर एच-वन-बी, म्हणजे विशेष शिक्षण लागणाऱ्या पदांसाठीचा व्हिसा, मिळेल या भरवशावर राहू नका, ती पदं त्या व्याख्येतच बसत नाहीत. माझ्याकडे कामाच्या परवानगीचं कार्ड होतं म्हणून दार उघडलं. पगार ताशी, पाळ्या बारा तासांच्या, त्यात रात्रपाळी आलीच. ५० पौंडाचं पोतं उचलाल का, हेही विचारतात. मी उचलून दाखवते म्हटलं. त्यांनी नको म्हटलं, पण पुढे वैद्यकीय तपासणीत उचलायला लावलंच.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. मी विचारलं, गेल्या वर्षी इथे बॅच टाकून द्यायची वेळ कशामुळे आली? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पंधरा मिनिटं बोलत राहिले. त्या पंधरा मिनिटांत मला कारखाना कळला.

तीन आठवड्यांनी सेलरमधल्या जागेचं पत्र आलं. आईला फोनवर "बिअरच्या कारखान्यात" असं सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तिने विचारलं, "शेजारी सांगायचं काय?" मायक्रोबायोलॉजी सांग, म्हटलं. पत्रात पहिल्या दिवशी आणायच्या वस्तूंची यादी होती. त्यात पोलादी टोकाचे बूट. माझ्या मापाचे बायकांचे बूट इथल्या तीन दुकानांत नव्हते, ऑनलाइन मागवले तर नऊ दिवस लागले आणि पहिला आठवडा मी कारखान्याच्या उसन्या, दोन मापं मोठ्या बुटांत दोन-दोन मोजे घालून काढला. ते आधीच शोधून ठेवा.