तांब्यावर कार्बन डायऑक्साइडचं मॉडेलिंग करताना या चुका टाळा

फोंड्याला माझ्याकडे एमएस्सीची मुलं प्रकल्पाचे आलेख घेऊन येतात; तांब्यासारख्या उत्प्रेरकावर अभिक्रियेच्या प्रत्येक पायरीला किती ऊर्जा लागेल, हे संगणकावर काढलेले आलेख. गेल्या पावसाळ्यात साखळी गावच्या एका मुलीने तांब्याच्या (२११), म्हणजे पायऱ्या असलेल्या, पृष्ठभागाचा आलेख आणला. त्यात कार्बन डायऑक्साइडपासून सीओओएच (हायड्रोजन जोडलेला, धातूला चिकटलेला तुकडा) तयार होण्याची पायरी चक्क उताराची, म्हणजे आपोआप होणारी, होती. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र तांब्याकडून मिथेन-इथिलीन काढायला सुमारे उणे १ व्होल्ट लागतो. मी गणिताच्या निकालाची आउटकार फाइल उघडायला सांगितली. तिने ‘फ्री एनर्जी टोटेन’ या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “सर, फ्री एनर्जी इथेच दिलीय ना?”

ही चूक मी दरवर्षी पाहतो, आणि त्यात मुलांचा दोष नाही, नावच फसवं आहे. व्हॅस्प या सॉफ्टवेअरमधली ती ‘फ्री’ इलेक्ट्रॉनांच्या स्मिअरिंगपुरती (गणित सोपं करायला त्यांच्या पातळ्या थोड्या पसरवण्यापुरती) असते. अभिक्रिया आपोआप होईल का हे सांगणारी गिब्जची मुक्त ऊर्जा वेगळी काढावी लागते. २९८ केल्विनला कार्बन डायऑक्साइड वायूची एन्ट्रॉपी २१३.८ ज्यूल प्रति मोल-केल्विन आहे, म्हणजे तापमानाने गुणल्यावर ०.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रेणू धातूला चिकटला की त्यातली बहुतेक जाते. शिवाय त्याचा सीओओएच झाला की शून्य-बिंदू ऊर्जा (कंपनांची किमान ऊर्जा) सुमारे ०.३१ वरून ०.६२ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जाते. एवढं विसरलं तर चढाचा उतार होणारच. कंपनं काढल्यावर काल्पनिक वारंवारता दिसली, तर तो किमान बिंदू नाही. रचना जरा हलवून परत रिलॅक्स करा, म्हणजे ऊर्जा किमान होईपर्यंत अणू सरकू द्या.

दुसरी चूक वायूतच लपलेली असते. सगळे धातूच्या स्लॅबवर (पृष्ठभागाच्या जागी घेतलेल्या पातळ थरावर) जीव टाकतात आणि वायूचा रेणू डब्यात एकदा टाकून विसरतात. पण आरपीबीई फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं एक अंदाजी सूत्र) कार्बन डायऑक्साइडची ऊर्जाच चुकीची देतं. २०१० साली पीटरसन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दुरुस्ती वापरली. दुसऱ्याची दुरुस्ती डोळे झाकून उचलू नका, फंक्शनल बदललं की आकडाही बदलतो. त्यापेक्षा आपल्याच सेटिंगवर कार्बन डायऑक्साइड अधिक हायड्रोजनपासून कार्बन मोनॉक्साइड अधिक पाणी या अभिक्रियेची एन्थाल्पी काढा. प्रयोगातलं उत्तर ४१ किलोज्यूल प्रति मोल आहे. तुमचं उत्तर यापासून लांब असेल तर आधी वायू सुधारा, तोवर तांब्याला हात लावू नका.

रेणू कुठे बसतो त्या जागेचंही तसंच. तांब्याच्या (१११) पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड प्रयोगात अणूच्या डोक्यावर बसतो, पीबीई हे फंक्शनल मात्र त्याला तीन अणूंमधल्या खळग्यात बसवतं. गणिताने निवडलेली जागा म्हणून ती प्रबंधात निःशंक लिहू नका.

स्लॅबच्या बाबतीत थोडक्यात: तांब्याच्या लॅटिसचं (स्फटिकाच्या चौकटीचं) माप प्रयोगातलं ३.६१५ अँगस्ट्रॉम न घेता आपल्या फंक्शनलने काढलेलं घ्या, नाहीतर धातू सुरुवातीपासूनच ताणलेला किंवा दाबलेला राहतो. एकाच बाजूला रेणू असेल तर डायपोल दुरुस्ती (दोन बाजूंच्या असमान विद्युतभारासाठीची) लावा. लोखंड, कोबाल्ट किंवा निकेल असेल तर स्पिन (इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाची सोय) सुरू ठेवा.

व्होल्टेजची तुलना करताना इलेक्ट्रोड कोणता ते तपासा. नॉर्स्कोव्ह यांच्या २००४ च्या हायड्रोजन इलेक्ट्रोड पद्धतीतलं उत्तर आरएचई मोजपट्टीवर (पीएचसोबत सरकणाऱ्या हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या) येतं. बायकार्बोनेटच्या द्रावणाचा पीएच ६.८ असेल, तर एसएचईशी (न सरकणाऱ्या प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडशी) फरक ०.०५९ गुणिले ६.८, म्हणजे ०.४० व्होल्ट. एवढ्याने उत्प्रेरकाचा क्रम बदलू शकतो. आणि त्याच पृष्ठभागावर हायड्रोजन किती घट्ट बसतो हेही काढाच. पाण्यात तोच प्रतिस्पर्धी असतो.

आता आपल्याकडच्या जूनची गोष्ट. वीज जाते, जॉब मध्येच थांबतो. एकदा मी घाईत जुनी पॉसकार (सुरुवातीच्या रचनेची फाइल) तशीच ठेवून जॉब पुन्हा टाकला आणि पाच रात्रींचं रिलॅक्सेशन पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू झालं. वीज आली की आधी कॉन्टकार (शेवटी पोहोचलेल्या रचनेची फाइल) उघडा, ती रिकामी किंवा अर्धवट नाही हे पाहा, जुन्या पॉसकारची प्रत बाजूला ठेवा, मग कॉन्टकार पॉसकारच्या नावाने ठेवून जॉब टाका.