बोंबलाची मुंडी छाटली आणि पोस्ट उडाली, तर काय करायचं

माझी मावशी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. ती मासळी विकते, तिचं पेज मी सांभाळते. मे महिन्यात ओले बोंबील साफ करायचा व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, ‘मुंडी छाटा, पोट फाडा, तासभर पाट्याखाली दाबून ठेवा.’ दुपारपर्यंत व्हिडिओ गायब. कारण: हिंसेला चिथावणी. मावशी म्हणाली, “बोंबलानं तक्रार केली काय गं?”

फेरतपासणीचं बटण दाबलं, चार मिनिटांत नकार. व्हिडिओच सहा मिनिटांचा होता! म्हणजे माणसानं तो पुरता पाहिलेलाच नाही. 2020 मध्ये ब्राझीलमध्ये स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं सांगणारी इन्स्टाग्राम पोस्ट यंत्रानं अशीच उडवली होती, तिथे आमच्या बोंबलाची काय कथा.

तर बटण दाबायच्या आधी स्क्रीनशॉट काढा: नोटीस, कारण, तारीख, लिंक. मी काढला नाही, नंतर नोटीस सापडेना. आणि रागाच्या भरात तोच व्हिडिओ परत टाकू नका. मी टाकला, दुसरा इशारा मिळाला.

खुलासा लिहिताना वाचणाऱ्याला मराठी येत नाही आणि वेळही नाही, असं धरून चाला. मी आधी कोळी संस्कृतीवर अर्धं पान खरडलं होतं, ते वाया गेलं. पहिल्याच वाक्यात सांगा: हा मासे साफ करायचा व्हिडिओ आहे. मग ज्या शब्दांवर आक्षेप वाटतो, त्यांचा अर्थ इंग्रजीत द्या. मुंडी म्हणजे माशाचं डोकं, कुणा माणसाचं नाही. कितव्या सेकंदाला काय दिसतं, तेही लिहा.

पण बऱ्याचदा लिहायला रकानाच नसतो, नुसतं दिलेल्या पर्यायांवर टिक करायचं. तेव्हा थेट त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. 2021 च्या आयटी नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क कंपनीला जाहीर करावा लागतो, आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते. हा पत्ता मदत विभागात अगदी तळाशी दडवलेला असतो. पोचेचा क्रमांक जपा. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. नवव्या दिवशी व्हिडिओ परत आला, चूक कुणाची याबद्दल अवाक्षर नाही. तोवर 1 जूनची मासेमारी बंदी लागली होती. मावशीनं मग सुक्या बोंबलाचा व्हिडिओ केला. मुंडी त्याचीही छाटावी लागते. मी आपलं ‘डोकं काढा’ लिहिलं.