खान्देशातल्या उद्योगांचा रोजगार मोजायला बसण्याआधी

औद्योगिक संघटनेचं निवेदन असो, बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल असो की निवडणुकीआधीची पत्रकार परिषद, "आमच्या भागात रोजगार वाढला" हे वाक्य येतंच. किती वाढला, कधीपासून कधीपर्यंत आणि मोजला कोणी, एवढं विचारलं की उत्तर अडतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबारसाठी सरकारी आकड्यांतून हे उत्तर बऱ्यापैकी काढता येतं, पण त्याआधी थोडी तयारी लागते. संघटनेसाठी टिपण करणारे, विद्यापीठात प्रबंध लिहिणारे, तालुक्याच्या बातम्या देणारे अशांसाठी ही यादी आहे. तिच्यात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: नोंदवहीत नवं नाव चढलं म्हणजे नवं काम तयार झालंच असं नाही.

आधी कोऱ्या कागदावर लिहा की मोजायचंय काय. काम करणारी माणसं की आस्थापनांमधल्या जागा? अमळनेरला राहून रोज धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत जाणारा कामगार घरोघरच्या पाहणीत जळगाव जिल्ह्यात मोजला जातो, कारखान्याच्या पाहणीत धुळ्यात. नवापूरहून गुजरातेत कामाला जाणाऱ्याचं तर राज्यच बदलतं. "आमच्या लोकांना काम मिळालं का" हा प्रश्न असेल तर घराकडून मोजा, "आमच्या उद्योगांनी काम दिलं का" असा असेल तर आस्थापनेकडून. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात एकमेकांतून वजा करू नका.

मग हद्द ठरवा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. १९९० च्या आर्थिक गणनेतला (देशातल्या सगळ्या आस्थापनांच्या मोजणीतला) धुळे जिल्हा आणि २००५ च्या गणनेतला धुळे जिल्हा हे एकच नाव असलेले दोन वेगळे प्रदेश आहेत. लांबची तुलना हवी असेल तर नंतरच्या वर्षांत धुळे आणि नंदुरबार एकत्र करा. कंपनी आणि तिचं आवार यातही असाच घोळ होतो. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्यातून सुरू झालेली विप्रो आज बंगळूरूहून चालते. तिच्या वार्षिक अहवालातली कर्मचारीसंख्या जगभरची असते, तिचा अमळनेरच्या रोजगाराशी संबंध लावता येत नाही. जिल्ह्याचं बोलायचं तर जिल्ह्यातल्या आवाराचीच माणसं मोजायची.

आता भविष्यनिर्वाह निधी संघटनेचे, म्हणजे ईपीएफओचे आकडे. इथे जास्त वेळ द्या, कारण सगळे जण हेच आकडे उचलतात आणि चूकही इथेच सर्वांत जास्त होते. ईपीएफओ एप्रिल २०१८ पासून दर महिन्याला पगारपटाची आकडेवारी प्रसिद्ध करते. ती मालिका सप्टेंबर २०१७ पासूनची आहे. नवे सदस्य अधिक परत आलेले, वजा बाहेर पडलेले, असा तिचा निव्वळ आकडा. कायदा लागू होतो तो २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला. जळगावच्या एखाद्या डाळमिलमध्ये १९ जण होते आणि मालकाने एक जण वाढवला, असं समजा. मिल कायद्याखाली आली, सगळ्यांचे यूएएन, म्हणजे निधीचे कायमचे खातेक्रमांक, निघाले, आणि त्या महिन्यात आकडेवारीत २० नवे सदस्य उमटले. यातले १९ जण कालही त्याच मिलमध्ये डाळ चाळत होते, पोती शिवत होते. नवं काम एकच. म्हणून नमुन्यातल्या प्रत्येक आस्थापनेला कायदा कोणत्या तारखेपासून लागू झाला हे मिळवा आणि त्या महिन्यातली उडी वेगळ्या रकान्यात ठेवा.

सरकारी योजनांच्या तारखाही शेजारी लिहून ठेवा. आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत नोंदणी ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात झाली. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नव्या नोकऱ्यांसाठी आहे. तिच्यात पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत आणि मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळतं. अशा काळात आधीपासून असलेली कच्ची माणसंही पक्क्या नोंदीत येतात. कामगाराच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे, निधी सुरू होतो, निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. तिचं श्रेय जरूर द्या, पण "औपचारिक नोंद वाढली" या शीर्षकाखाली.

ईपीएफओचे जाहीर तक्ते राज्यवार आणि उद्योगवार असतात. जिल्ह्यासाठी त्यांच्या संकेतस्थळावरची आस्थापना शोधण्याची सोय वापरा: आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी झाला हे दिसतं. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या आस्थापनांची यादी घेऊन हे महिन्यागणिक उतरवता येतं. काम कंटाळवाणं आहे, पण जिल्ह्यासाठी यापेक्षा जवळचं साधन मला माहीत नाही. फक्त संख्या घ्या, माणसांची नावं घेऊ नका. आणि मक्तेदारांकडे, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदारांकडे, लक्ष ठेवा. सुरक्षारक्षक, हमाल, पॅकिंगची माणसं पुरवणारी एजन्सी पुण्याला किंवा मुंबईला नोंदलेली असेल तर जळगावच्या गेटवर उभा असलेला माणूस तिकडच्या खात्यात दिसतो. उलट एखाद्या कारखान्याने आपले कामगार मक्तेदाराकडे वळवले तर कारखान्याची संख्या घटते, काम मात्र तेवढंच असतं. राष्ट्रीय पातळीवरही निव्वळ वाढीत मनुष्यबळ पुरवठादार, कंत्राटदार, सुरक्षा सेवा यांचा गट फार मोठा असतो, हे उद्योगवार तक्ता वाचताना डोक्यात असू द्या.

पुढचं काम उद्योगाचे संकेतांक जुळवण्याचं. खान्देशात हे विशेष जपून करावं लागतं, आणि कारण कापूस. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ प्रमाणे कापसाचं जिनिंग (सरकी वेगळी काढणं) आणि गाठी बांधणं ०१६३२ या संकेतांकाखाली येतं, म्हणजे चक्क शेतीच्या विभागात, काढणीनंतरच्या कामांत. ज्याने "वस्तुनिर्माण" एवढाच गाळणा लावून आकडे काढले त्याच्या तक्त्यातून जिल्ह्यातली जिनिंग-प्रेसिंग गायब होते. वार्षिक उद्योग पाहणी मात्र जिनिंगला आपल्यात घेते. डाळमिल १०६१३ खाली खाद्यपदार्थांत सापडेल, पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकची चटई विभाग २२ मध्ये, सराफ बाजाराच्या मागे बसलेले दागिन्यांचे कारागीर ३२११ मध्ये, आणि तेच दागिने विकणारं दुकान किरकोळ व्यापारात. ईपीएफओची उद्योगांची यादी या वर्गीकरणाप्रमाणे नाही, तिची स्वतःची जुनी यादी आहे. दोन्हींचा मेळ घालणारा एक पानाचा तक्ता आधीच करून ठेवला की पुढचे आठवडे वाचतात.

जिनिंगचा हजेरीपट एकदा स्वतः उघडून पाहा. पानावर मुनीम, फिटर, प्रेसवाला, इलेक्ट्रिशियन, वजनकाट्यावरचा माणूस अशी मोजकी नावं असतात. आवारात मात्र कापसाच्या गंजीपाशी कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचणाऱ्या बाया, मशीनला कापूस लावणारी टोळी, गाठी उचलणारे हमाल दिसतात. टोळीचा हिशेब मुकादमाच्या वहीत, हमालांचा गाठीच्या दराने. मालकाला "किती माणसं" विचारलं तर तो पानावरची सांगेल किंवा आवारातली, आणि दोन्ही उत्तरं त्याच्या मते खरीच असतील. म्हणून प्रश्न तीन भागांत विचारायचा: तुमच्या पगारपत्रकावर किती, मक्तेदारामार्फत किती, रोजावर किंवा नगावर किती.

हंगामाची सोयही आधीच लावा. दसऱ्यानंतर जिनिंग पेटते आणि होळीच्या पुढे थंडावते. नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीही हिवाळ्यातच गजबजतात. सप्टेंबर ते डिसेंबर अशी वाढ दाखवली तर कोणतंही वर्ष सोन्याचं दिसेल. तुलना त्याच महिन्याची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. त्यातही दिवाळी सरकते: लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. टोळ्या गावी गेलेल्या असतात त्या आठवड्याची हजेरी दुसऱ्या वर्षीच्या भर कामाच्या आठवड्याशी लावली तर घट किंवा वाढ नुसती पंचांगातून येते. शक्य असेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सरासरी घ्या. पायाभूत वर्ष म्हणून २०२०-२१ घेऊ नका. टाळेबंदीच्या खड्ड्यातून वर आलेली प्रत्येक रेषा वाढच दाखवते.

घराकडून मोजायचं ठरवलं असेल तर नियतकालिक श्रमबल पाहणी, म्हणजे पीएलएफएस. ती एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२५ पासून तिची रचना बदलली: मासिक अंदाज येऊ लागले आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ स्तर धरला गेला. त्यामुळे २०२४ पर्यंतची आणि २०२५ पासूनची मालिका एका रेषेत जोडू नका. तिथे उभी रेघ मारा. ही पाहणी कोणाला काम करणारा म्हणते हेही वाचून ठेवा. चालू साप्ताहिक स्थितीत मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलेलं पुरतं. घरच्या केळीच्या मळ्यात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणारेही रोजगारात मोजले जातात. व्यवसायाने दिलेला रोजगार हवा असेल तर नियमित पगारी आणि नैमित्तिक मजुरी हे गट वेगळे काढा. पाहणी लोकसंख्येत काम करणारे किती याचं गुणोत्तर देते. त्याची माणसं करायला लोकसंख्या लागते, आणि २०११ च्या जनगणनेत जळगाव सुमारे ४२.३ लाख, धुळे २०.५ लाख, नंदुरबार १६.५ लाख होतं. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर गुणोत्तरातच बोललेलं बरं.

कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी आहे. तिचा संदर्भ काळ आर्थिक वर्ष असतो, आणि ती थेट नेमलेले आणि मक्तेदारामार्फतचे कामगार वेगळे देते. हा फरक टिपणात उतरवाच. तिची चौकट १९४८ च्या कारखाने अधिनियमावर उभी राहिली: वीज वापरणारे १० कामगार किंवा विजेविना २०. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत हीच मर्यादा २० आणि ४० आहे. मर्यादा वर गेली की लहान कारखाना एकही माणूस न काढता कारखान्यांच्या यादीतून बाहेर जाऊ शकतो, म्हणून यापुढच्या वर्षांचे आकडे वाचताना चौकट बदलली का हे आधी तपासा.

त्याखालचा मोठा थर, म्हणजे पिठाची गिरणी, गॅरेज, शिवणकाम, किराणा, असंघटित उद्यमांच्या वार्षिक पाहणीत येतो. देशभरात तिने २०२२-२३ मध्ये १०.९६ कोटी आणि २०२३-२४ मध्ये १२.०६ कोटी कामगार मोजले, म्हणजे वर्षात साधारण १० टक्के वाढ. या दोन्ही फेऱ्यांचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर होतं, २०२५ पासून ते जानेवारी ते डिसेंबर झालं. आर्थिक वर्षाशी दोन्ही जुळत नाहीत. देशाचे हे १० टक्के उचलून धुळ्याला लावू नका. उद्यम नोंदणीतली (लहान उद्योगांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतली) कामगारसंख्या मालकाने स्वतः सांगितलेली असते. यादी मिळवायला ती उपयोगी, वाढ मोजायला नाही. कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) आकडे १० कामगारांपासून आणि २१,००० रुपये वेतनमर्यादेपर्यंतचे. त्यातले बरेच लोक ईपीएफओतही असतात, म्हणून दोन्हींची बेरीज करू नका. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन मात्र हाताशी असू द्या. तालुकावार संदर्भ तिथेच एकत्र मिळतात.

आकडे हाती आले की टक्केवारीचं सूत्र एकच ठरवा. एक युनिट ८ माणसांवरून २४ वर गेलं तर नेहमीच्या पद्धतीने वाढ २०० टक्के, आणि तेच पुन्हा ८ वर आलं तर घट ६६.७ टक्के. माणसं होती तेवढीच राहिली, तरी कागदावर भरभराट उरते. फरकाला दोन्ही काळांच्या सरासरीने भागलं, इथे १६ ला १६ ने, तर वाढ १०० आणि घटही १००. लहान उद्योगांची बेरीज करताना हीच पद्धत मला योग्य वाटते. अमेरिकेचं श्रम सांख्यिकी कार्यालय उद्योगांच्या रोजगारातला चढउतार असाच मांडतं आणि निव्वळ आकड्यावर न थांबता चार रकाने देतं: नव्याने उघडलेल्या, वाढलेल्या, आक्रसलेल्या आणि बंद पडलेल्या आस्थापना. आपल्या तक्त्यालाही हे चार रकाने आखा. भुसावळ किंवा नरडाण्याच्या वसाहतीत निव्वळ वाढ शून्य निघाली, पण आत तीनशे जागा गेल्या आणि तीनशे आल्या, असं असेल तर बातमी त्या सहाशेंत आहे. लहान-मोठ्या उद्योगांची वर्गवारी करताना युनिट सुरुवातीला ज्या गटात होतं तो गटही नोंदवा. नाहीतर लहान युनिट वाढून मोठं झालं की त्याची सगळी माणसं लहान गटातून वजा आणि मोठ्यात जमा होतात, आणि लहान उद्योग रोजगार गमावतात असा उलटा निष्कर्ष निघतो.

बंद पडलेली युनिटं यादीतून खोडू नका. आज चालू असलेल्यांचीच यादी घेऊन मागे गेलात तर हयात राहिलेल्यांचीच वाढ मोजली जाते. कुलूप लागलेल्या शेडची शून्य संख्याही एक नोंद आहे. तिची तारीख शेजारच्या युनिटच्या वॉचमनला विचारून का होईना, मिळवा.

शेवटी प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत, संदर्भ काळ, डाउनलोडची तारीख आणि तो तात्पुरता आहे की अंतिम हे लिहा. ईपीएफओचे अलीकडच्या महिन्यांचे आकडे उशिरा आलेल्या विवरणपत्रांमुळे बदलत राहतात. तीन महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा काढा, बदललेले रकाने रंगवा, आणि ज्यांना पहिलं टिपण पाठवलं त्या सगळ्यांना सुधारित प्रत पाठवा.